छिन्नीवरची हातोडी आणि पान्यावरची हातोडी

गेल्या महिन्यात भाचा नवंकोरं कॉर्डलेस मशीन घेऊन आला. "मामा, पडद्याचा रॉड लावायचाय, इम्पॅक्ट आणलंय बघ." खोकं उघडलं तर आत इम्पॅक्ट ड्रायव्हर, म्हणजे स्क्रू पिळायचं मशीन. पुढं बिट आवळून धरणारा चकच नाही, भिंतीचं गोल दांड्याचं बिट बसणार कुठं? त्यानं दुकानात 'इम्पॅक्ट द्या' म्हटलं आणि दुकानदारानं इम्पॅक्ट दिलं. हा घोळ मी इतक्या जणांच्या घरी निस्तरलाय, की आता एकदाचं लिहूनच टाकतो.

साध्या ड्रिलबद्दल सांगण्यात अर्थ नाही. वायरचं ड्रिल कोल्हापुरात घरोघरी आहे आणि कारखान्यांच्या उद्यमनगरात उमेदीची वर्षं काढलेल्यांना तर ते झोपेतही चालवता येतं. घोळ आहे तो 'इम्पॅक्ट' या एका शब्दाचा. इम्पॅक्ट ड्रिल आणि इम्पॅक्ट ड्रायव्हर, दोन्ही ठोके मारतात. फरक ठोका कुठल्या दिशेनं बसतो याचा.

भिंत फोडायला आपण छिन्नीच्या डोक्यावर हातोडी मारतो. ठोका सरळ पुढं, भिंतीत. इम्पॅक्ट ड्रिल हेच करतं. आत दातेरी चकत्या एकमेकींवर घासत उड्या मारतात आणि बिट फिरता फिरता पुढं-मागं ठोकलं जातं. ठोके पुष्कळ, पण एकेक हलका. म्हणून मागून अंगाचा जोर द्यावा लागतो.

आता गंजलेला नट आठवा. पाना लावून निघत नाही, तेव्हा मिस्त्री पान्याच्या टोकावर हातोडी घालतो. ठोका फिरवण्याच्या दिशेनं बसतो आणि नट हलतो. इम्पॅक्ट ड्रायव्हर म्हणजे हे. पंक्चरवाल्याकडच्या व्हील नट खोलायच्या गनचा हा धाकटा भाऊ. स्क्रू जड झाला की आतला हातोडा स्प्रिंग दाबून मागं सरकतो, सुटतो आणि बिटाच्या दांड्याला आडवा ठोका देतो. मिनिटाला 3000 च्या आसपास. भिंतीच्या दिशेनं यात ठोका नसतोच. म्हणून त्याला षटकोनी दांड्याचं काँक्रीट बिट जरी लावलं, तरी स्लॅबला भोक पडत नाही, बिट जळतं.

फिरवण्याच्या जोराचा फरकही पाहा. 12 व्होल्टचं छोटं ड्रिल-ड्रायव्हर, म्हणजे भोकंही पाडणारं आणि स्क्रूही फिरवणारं बिनठोक्याचं मशीन, साधारण 30 न्यूटन मीटर देतं. तेवढ्याच बॅटरीवर इम्पॅक्ट ड्रायव्हर 100 च्या घरात जातो, आणि मनगटाला झटका बसत नाही. सागवानात 3 इंची स्क्रू तो लोण्यासारखा घालतो. याच जोरामुळं लोक भाळतात, आणि याच जोरानं घरातली कामं बिघडतात.

कारण बहुतेक इम्पॅक्ट ड्रायव्हरला क्लच नसतो. ड्रिल-ड्रायव्हरच्या चकमागं 1 ते 20 आकड्यांची कडी असते ना, जी लोक कधी फिरवतच नाहीत? माझ्या मते सगळ्या मशीनमधला घरासाठीचा सगळ्यात मोलाचा भाग तोच. ठरलेला जोर झाला की टर्र वाजून फिरणं थांबतं. किचन ट्रॉलीच्या बिजागरीचा 16 मिलिमीटरचा स्क्रू पार्टिकल बोर्डात मारताना हा फरक डोळ्यांनी दिसतो. क्लच 5-6 वर ठेवला तर स्क्रूचं डोकं बिजागरीला टेकतं आणि थांबतं. इम्पॅक्ट ड्रायव्हरनं मारला तर टेकल्यावर अर्ध्या सेकंदात आतला भुसा होतो, स्क्रू जागीच गरगर फिरतो. मग काडेपेटीच्या काड्या आणि फेविकॉल. पितळी स्क्रूची तर डोकीच तुटतात. सरावलेल्या सुताराचं बोट ट्रिगरवर बरोबर थांबतं, ते कसब आहे. महिन्यातून एकदा मशीन हातात घेणाऱ्याकडून त्याची अपेक्षा धरू नये.

खोक्यावरच्या जाहिरातीपेक्षा मॉडेलची अक्षरं वाचा. बॉशमध्ये जीएसआर म्हणजे साधं ड्रिल-ड्रायव्हर, जीएसबी म्हणजे भिंतीचा ठोका असलेलं, जीडीआर म्हणजे इम्पॅक्ट ड्रायव्हर. मकिताचं त्याच क्रमानं डीएफ, एचपी, टीडी.

व्होल्टचं थोडक्यात. लिथियमचा एक सेल 3.6 व्होल्टचा, पूर्ण भरल्यावर 4.2. तीन सेल म्हणजे 10.8, तेच '12 मॅक्स'. पाच सेल म्हणजे 18, तेच '20 मॅक्स'. '48 व्होल्ट' छापलेली एक स्वस्त बॅटरी मी उघडून पाहिली, आत पाचच सेल होते. असलं खोटं छापणाऱ्याच्या बाकीच्या आकड्यांवर तरी विश्वास कसा ठेवायचा?

घरासाठी माझं मत पक्कं आहे: आधी 12 व्होल्टचं क्लचवालं ड्रिल-ड्रायव्हर. विटांच्या भिंतीत गिट्टी (स्क्रू धरून ठेवणारा प्लग) बसवायची असेल तर त्यातलंच ठोक्याचं घ्या, वजनात फार फरक नाही. इम्पॅक्ट ड्रायव्हर नंतर, मांडव, पत्र्याची शेड किंवा जाड लाकूडकाम खरंच निघालं तर. आणि पडद्याचा रॉड? खिडकीवर हमखास लिंटेल लागतं, म्हणजे सळईच्या काँक्रीटची आडवी पट्टी. तिथं छोट्या कॉर्डलेस ठोक्याचा जीव पुरत नाही. तासभर कुणाचं तरी एसडीएस रोटरी हॅमर, म्हणजे काँक्रीटला जड ठोके देणारं मशीन, मागून आणा. भाच्याच्या घरी आम्ही तेच केलं, चार भोकं दहा मिनिटांत झाली.

कोल्हापूरच्या लक्ष्मीपुरी बाजारात मशीन घ्यायला गेलात तर प्लायचा तुकडा आणि दोन स्क्रू खिशात न्या. क्लच 1 वर लावून स्क्रू मारायला सांगा. अर्ध्यातच टर्र वाजून थांबला पाहिजे. मग आकडा वाढवत न्या, प्रत्येक वेळी स्क्रू थोडा आणखी आत जायला हवा. 1 आणि 15 ला सारखाच घुसत असेल, तर ते मशीन काउंटरवर ठेवून परत या.