वाणिज्य शाखा (उच्च माध्यमिक)

वाणिज्य शाखा (उच्च माध्यमिक) : अकरावी व बारावीच्या टप्प्यावर हिशेबलेखन, व्यवसायसंघटन, कार्यालयीन व्यवहार आणि अर्थशास्त्र यांचे शिक्षण देणारी शाखा. महाराष्ट्रात ती कला आणि विज्ञान शाखांच्या जोडीने कनिष्ठ महाविद्यालयांत चालते. बारावीची परीक्षा राज्य माध्यमिक व उच्च माध्यमिक शिक्षण मंडळ नऊ विभागीय मंडळांमार्फत घेते. दहावीच्या बीजगणितात ‘अर्थनियोजन’ या प्रकरणात वस्तू व सेवा कर, शेअर्स आणि म्युच्युअल फंड यांची तोंडओळख होते. परंतु व्यवहाराची नोंद कशी करायची, हे विद्यार्थी प्रथम अकरावीतच शिकतो.

विषयरचना : मंडळाच्या अभ्यासक्रमात पुस्तपालन व लेखाकर्म, वाणिज्य संघटन व व्यवस्थापन आणि अर्थशास्त्र हे मुख्य विषय. त्यांच्या जोडीला चिटणिसाची कार्यपद्धती, गणित व संख्याशास्त्र (वाणिज्य), सहकार, माहिती तंत्रज्ञान यांतून निवड करता येते. विद्यार्थी पुस्तपालनाला बीके, वाणिज्य संघटनाला ओसी, अर्थशास्त्राला इको व चिटणिसाच्या कार्यपद्धतीला एसपी याच नावांनी ओळखतात. सध्याची पाठ्यपुस्तके अकरावीसाठी २०१९ पासून व बारावीसाठी २०२० पासून लागू झाली. सर्वसाधारणपणे लेखी परीक्षेला ८० आणि प्रकल्प व तत्सम कामाला २० गुण असतात. बँकिंग, कार्यालय व्यवस्थापन असे द्विलक्ष्यी व्यवसाय विषयही काही महाविद्यालयांत आहेत. ते २०० गुणांचे असून दुसरी भाषा व एक ऐच्छिक विषय यांच्या जागी घेतात.

शाखेचा कणा पुस्तपालन हाच आहे. अकरावीत रोजकीर्द (व्यवहारांची क्रमवार नोंद), खतावणी (त्या नोंदी ज्याच्या त्याच्या खात्यात उतरवणे), तेरीज पत्रक (खात्यांच्या शिलकांचा ताळा), घसारा आणि एकल मालकाची अंतिम खाती. बारावीत भागीदारी, नफा न कमावणाऱ्या संस्थांचे हिशेब, विनिमय विपत्रे (मुदतीने पैसे देण्याचे लेखी आदेश), भागवाटपाच्या (शेअर-वाटपाच्या) नोंदी आणि वित्तीय पत्रकांचे विश्लेषण. यांत भागीदारीचा वाटा फार मोठा आहे. अंतिम खाती, नव्या भागीदाराचा प्रवेश, निवृत्ती, मृत्यू आणि संस्थेचे विसर्जन अशा पाच प्रकरणांतून विद्यार्थी एकाच पेढीचा जन्म ते शेवट पाहतो. उदाहरणार्थ, अ आणि ब हे ३ : २ प्रमाणात नफा वाटून घेतात व क याला एक-पंचमांश हिस्सा देऊन आत घेतात. पेढीची ख्याती, म्हणजे नावलौकिकाचे मूल्य, ५०,००० रुपये ठरली, तर क आपल्या हिश्श्याचे १०,००० रुपये रोख आणतो. जुन्या भागीदारांनी आपापल्या हिश्श्यातून जेवढे सोडले त्या प्रमाणात, म्हणजे पुन्हा ३ : २ ने, ती रक्कम अ च्या भांडवल खात्यावर ६,००० व ब च्या खात्यावर ४,००० अशी जमा होते. ख्याती डोळ्यांना दिसत नाही, गोदामात मोजता येत नाही; तरी तिला किंमत आहे आणि ती किंमत कोणाला मिळायची याला नियम आहे, हे सोळा-सतरा वर्षांच्या मुलाला या एका नोंदीतून कळते. कंपन्यांच्या काळात भागीदारीला एवढी जागा कशाला, असा आक्षेप घेतला जातो. परंतु बाजारपेठेतली कित्येक दुकाने, सनदी लेखापालांच्या पेढ्या आणि वकिलांची कार्यालये आजही भागीदारीवरच चालतात, हे लक्षात घेता हा भर योग्यच म्हणावा लागेल.

दुनोंदी पद्धतीच्या उगमाचा वाद : शाळेत शिकवली जाणारी दुनोंदी पद्धत, म्हणजे प्रत्येक व्यवहार नावे व जमा अशा दोन बाजूंना नोंदवण्याची रीत, कोठून आली, याबद्दल एकमत नाही. तिचे पहिले छापील विवेचन फ्रान्सिस्कन साधू व गणिती लुका पाचोली याने १४९४ मध्ये व्हेनिस येथे प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात आढळते. पाचोली हा तिचा जनक नव्हे. तो व्हेनिसच्या व्यापाऱ्यांची रूढ रीत नोंदवतो. जेनोआच्या नगरशासनाच्या १३४० मधील खातेवह्यांत ही पद्धत बऱ्याच विकसित रूपात दिसते, म्हणजे तिची मुळे त्याहून मागे जातात. भारतीय परंपरेच्या बाजूने कौटिलीय अर्थशास्त्राचा दाखला दिला जातो. त्याच्या दुसऱ्या अधिकरणात अक्षपटल, म्हणजे हिशेबाचे दप्तर, तेथील गाणनिक (हिशेबनीस), आय-व्ययाचे प्रकार आणि हिशेब उशिरा आणणाऱ्यास दंड यांचे तपशील आहेत. मात्र या ग्रंथाचा काळच वादग्रस्त आहे. परंपरा तो इ. स. पू. चौथ्या शतकातला मानते. अलीकडचे काही संशोधक त्याची सध्याची संहिता इसवी सनाच्या आरंभाच्या आसपासची ठरवतात. शिवाय त्यात राज्याच्या हिशेबाची कडक शिस्त आहे; प्रत्येक व्यवहाराची दोन बाजूंना नोंद आहे, असे त्यावरून म्हणता येत नाही.

१९८६ मध्ये बी. एम. लाल निगम यांनी ‘अबॅकस’ या नियतकालिकात असे प्रतिपादन केले, की बहीखाता, म्हणजे देशी वह्यांतील हिशेबाची रीत, ही पाचोलीपूर्व भारतीय दुनोंदी पद्धत असून ती इटलीकडे गेली असण्याची शक्यता आहे. पुढच्याच वर्षी क्रिस्टोफर नोब्स यांनी त्याच नियतकालिकात आक्षेप घेतला : दाव्याला आधार देतील अशा पाचोलीपूर्व भारतीय खातेवह्या पुढे आलेल्या नाहीत, आणि पुराव्याशिवाय प्रसाराची दिशा ठरवता येत नाही. उपलब्ध साधनांवरून नोब्स यांचे म्हणणे अधिक सावध वाटते. तथापि देशी पद्धत ही इटालियन पद्धतीची नक्कलही नव्हे. तिची स्वतःची तर्कसंगती आहे आणि ती नोंदीच्या पातळीवर तपासता येते.

देशी वहीत डावी बाजू जमेची व उजवी नावेची. लांब, लाल कापडात बांधलेल्या वहीच्या पानाला रेघा नसतात. पानाला सळ, म्हणजे घड्या घालून रकाने पाडलेले असतात. समजा, एका उधारीच्या गिऱ्हाइकाने ५०० रुपये रोख आणून दिले. देशी रोकडवहीत ते डाव्या, जमा बाजूला गिऱ्हाइकाच्या नावाने येतात आणि खतावताना त्याच्या खात्यातही डावीकडे, जमेलाच उतरतात. जमा ती जमाच राहते. पाश्चात्त्य पद्धतीत हेच ५०० रुपये रोकड पुस्तकात डावीकडे, म्हणजे नावे बाजूला पडतात आणि गिऱ्हाइकाच्या खात्यात उजवीकडे, जमेला जातात. खतावणीत बाजू बदलते. त्यामुळे देशी खाते आणि शाळेतले खाते समोरासमोर ठेवले तर व्यक्तिगत खात्याच्या दोन्ही बाजू उलट दिसतात. दुकानदाराच्या घरातील मुलांचा अकरावीत आरंभी होणारा गोंधळ पुष्कळदा येथूनच येतो. शिक्षकाने हा फरक पहिल्या आठवड्यात फळ्यावर दाखवला, तर पुढचे कित्येक तास वाचतात. सध्याच्या पाठ्यक्रमात देशी पद्धतीला जवळजवळ स्थान नाही. ते एखाद्या प्रकरणापुरते तरी असायला हवे.

हुंडी, म्हणजे विनिमय विपत्राचा देशी प्रकार, हिच्याबाबतही काहीसे असेच घडले. बारावीतील विनिमय विपत्र, त्याची स्वीकृती, सवलतीचे तीन दिवस, वटवणूक व अनादर (मुदतीला पैसे न मिळणे) हे सारे १८८१ च्या परक्राम्य संलेख अधिनियमावर (निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स ॲक्ट) उभे आहे. त्याच अधिनियमाच्या पहिल्या कलमाने देशी भाषांतील संलेखांविषयीच्या स्थानिक रूढी अबाधित ठेवल्या. दर्शनी (दाखवताच पैसे देण्याच्या) व मुदती हुंड्या त्या रूढींनुसार चालत राहिल्या.

शाखेची घडण : भारतातील वाणिज्य शिक्षणाचा आरंभ सामान्यतः सु. १८८६ मध्ये मद्रास येथे पचय्यप्पा धर्मादाय संस्थेच्या विश्वस्तांनी काढलेल्या वाणिज्य शाळेपासून धरतात. त्यानंतर सुमारे दहा वर्षांनी कालिकत येथे सरकारी वाणिज्य शाळा निघाली आणि १९०३ मध्ये कलकत्त्याच्या प्रेसिडेन्सी कॉलेजात वर्ग सुरू झाले. मुंबईत सोराबजी दावर यांची वाणिज्य संस्था १९०० पासूनची. या वर्गांत प्रामुख्याने टंकलेखन, लघुलेखन, पत्रव्यवहार व जमाखर्च शिकवत, आणि पेढ्यांना व सरकारी कचेऱ्यांना कारकून पुरवणे हा त्यांचा हेतू होता.

या चित्राला १९१३ हे वर्ष वळण देते. त्या वर्षीच्या भारतीय कंपनी अधिनियमाने हिशेब तपासनिसाची अर्हता कायद्यात आणली, आणि त्याच वर्षी मुंबईत सिडनहॅम महाविद्यालय निघाले. आशियातील हे पहिले वाणिज्य महाविद्यालय असल्याचे सांगितले जाते. के. एस. अय्यर हे त्याचे आरंभीचे प्राचार्य. डॉ. बाबासाहेब आंबेडकर तेथे नोव्हेंबर १९१८ ते मार्च १९२० या काळात राजकीय अर्थशास्त्राचे प्राध्यापक होते. १९१८ मध्ये मुंबई सरकारने लेखाकर्माची शासकीय पदविका सुरू केली आणि तीबरोबर मान्यताप्राप्त लेखापालाकडे उमेदवारीची अट घातली. सनदी लेखापालाच्या आजच्या उमेदवारीचे हे पूर्वरूप होय. पुढे माटुंग्याचे पोदार (१९४१) आणि पुण्याचे बृहन्महाराष्ट्र वाणिज्य महाविद्यालय (१९४३) यांनी मुंबई-पुण्याच्या मध्यमवर्गात बी. कॉम. रुजवले.

शाळेच्या पातळीवर हा विषय बराच उशिरा आला. ए. लक्ष्मणस्वामी मुदलियार यांच्या अध्यक्षतेखालील माध्यमिक शिक्षण आयोगाने (१९५२-५३) बहुउद्देशीय शाळांसाठी सुचवलेल्या सात गटांत वाणिज्य हा एक गट होता. पण तशा शाळा थोड्याच निघाल्या. कोठारी आयोगाने (१९६४–६६) पुरस्कारिलेली १०+२+३ रचना महाराष्ट्राने १९७० नंतरच्या दशकात स्वीकारली आणि अकरावी-बारावीची स्वतंत्र वाणिज्य शाखा तेव्हा उभी राहिली. ती वरिष्ठ महाविद्यालयांच्या सावलीत वाढली. त्यामुळे तिचा अभ्यासक्रम बी. कॉम.ची पूर्वतयारी म्हणून घडला. शिक्षण तेथेच थांबवणाऱ्या मुलाच्या हाती बारावीअखेर काय पडते, याचा विचार त्यात मागे पडला. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० ने शाखांमधील कडक भिंती काढण्याची भूमिका घेतली आहे.

सहकार हा विषय महाराष्ट्राचे वैशिष्ट्य होय. विठ्ठलराव विखे पाटील आणि अर्थशास्त्रज्ञ धनंजयराव गाडगीळ यांच्या पुढाकाराने प्रवरानगरला उभ्या राहिलेल्या सहकारी साखर कारखान्यापासून गावोगावच्या पतसंस्था, दूध संस्था आणि शहरांतील गृहनिर्माण संस्थांपर्यंत या राज्याचा आर्थिक संसार सहकारावर उभा आहे. वार्षिक सर्वसाधारण सभा, संचालक मंडळ, राखीव निधी, लेखापरीक्षण या पाठातल्या गोष्टी विद्यार्थ्याच्या घरच्या सोसायटीतही घडत असतात. असे असून पालक व विद्यार्थी या विषयाकडे ‘गुण मिळवून देणारा’ एवढ्याच नजरेने पाहतात, ही खेदाची गोष्ट आहे. सहकार खाते घेत असलेली सहकार व लेखा पदविका परीक्षा, म्हणजे जी. डी. सी. अँड ए., पदवीनंतर देता येते आणि सहकारी संस्थांच्या लेखापरीक्षणाचे काम त्यातून मिळू शकते. तालुक्याच्या गावी राहून व्यवसाय करू इच्छिणाऱ्यासाठी ही वाट अतिशय उपयुक्त आहे.

पुढील वाटा : बहुसंख्य विद्यार्थी बी. कॉम.ला जातात. मुंबई विद्यापीठाच्या व्यवस्थापन, लेखा व वित्त, बँकिंग व विमा अशा विशेष पदव्यांकडेही ओढा आहे. बी. बी. ए., बी. एम. एस. आणि बी. सी. ए. या अभ्यासक्रमांसाठी २०२४ पासून राज्य सामाईक प्रवेश परीक्षा घेतली जाते. विधीचा पाच वर्षांचा अभ्यासक्रम बारावीनंतर खुला असतो.

व्यावसायिक परीक्षांत सनदी लेखापाल (सीए) ही सर्वांत नावाजलेली. तिची संस्था १९४९ च्या अधिनियमाने स्थापन झाली. परिव्यय लेखापाल (कॉस्ट अकाउंटंट) व कंपनी सचिव यांच्या संस्थांचे अधिनियम अनुक्रमे १९५९ व १९८० चे. सीए फाउंडेशन या पहिल्या टप्प्याच्या परीक्षेला बारावीनंतर बसता येते. लेखाकर्म, व्यवसाय कायदे, परिमाणात्मक अभिक्षमता आणि व्यावसायिक अर्थशास्त्र असे प्रत्येकी १०० गुणांचे चार पेपर; प्रत्येकात किमान ४० आणि एकूण ५० टक्के गुण आवश्यक. वस्तुनिष्ठ पेपरांत चुकीच्या उत्तराला पाव गुण कापला जातो. २०२३ च्या नव्या योजनेपासून आर्टिकलशिपचा, म्हणजे सनदी लेखापालाकडील उमेदवारीचा, काळ तीन वर्षांवरून दोन वर्षांवर आला. पदवीधरांना फाउंडेशन न देता थेट इंटरमिजिएटला, म्हणजे पुढच्या टप्प्याला, प्रवेश मिळतो. त्यासाठी वाणिज्य पदवीत ५५, तर इतर पदवीत ६० टक्के लागतात. म्हणून बारावीनंतर लगेच फाउंडेशन जमले नाही, तरी दार बंद होत नाही. ही गोष्ट घरोघरी माहीत असायला हवी.

अकरावीच्या प्रवेशावेळी ‘मॅथ्स की एसपी’ हा प्रश्न किरकोळ समजला जातो, पण त्याचे परिणाम दूरवर जातात. गणित सोडल्याने राज्यातील बी. कॉम. किंवा सीए अडत नाही. दिल्ली विद्यापीठाची बी. कॉम. (ऑनर्स) मात्र पूर्वी गणिताशिवाय मिळत नसे, आणि विमा-गणितज्ञ होण्याच्या मार्गावर गणिताचा पाया नसेल तर आजही फार जड जाते. दहावीच्या गुणांकडे पाहून घाईने गणित सोडू नये, असे अनुभवी शिक्षक सांगतात आणि ते रास्त आहे.

पदवीपूर्वी कमाई करू पाहणाऱ्यांना टॅली (हिशेबाची संगणक प्रणाली), शासकीय टंकलेखन प्रमाणपत्र परीक्षा (मराठी व इंग्रजी, मिनिटाला ३० किंवा ४० शब्द) आणि कर सल्लागाराच्या कार्यालयातील उमेदवारी हे नेहमीचे मार्ग. १ जुलै २०१७ पासून वस्तू व सेवा कर आल्यावर लहान व्यापाऱ्यालाही विवरणपत्रे वेळच्या वेळी भरावी लागू लागली आणि नोंदी नीट ठेवणाऱ्या हाताला तालुक्याच्या ठिकाणीही काम मिळू लागले.

गोव्यात स्वतंत्र राज्य मंडळ असून तेथेही उच्च माध्यमिक स्तरावर वाणिज्य शाखा आहे. बेळगाव परिसरातील मराठी विद्यार्थी कर्नाटकाच्या पदवीपूर्व परीक्षेला बसतात. तेथे लेखाशास्त्र, व्यवसाय अध्ययन व अर्थशास्त्र यांच्या जोडीला संख्याशास्त्र घेण्याची चाल आहे.