थ्रेड लॉकिंग

नट-बोल्टने किंवा स्क्रूने केलेला जोड कंप, धक्के आणि तापमानातले चढउतार सोसूनही आपोआप सुटू नये, म्हणून केलेल्या उपायांना थ्रेड लॉकिंग म्हणतात. आट्यांत टाकायचा चिकट द्रव, नायलॉनची कडी बसवलेला नट, स्प्लिट पिन, पीळ दिलेली तार, चेक नट (एका नटाला जखडणारा दुसरा नट), पंच मारून धातू दाबणे असे त्याचे अनेक प्रकार आहेत. सायकलच्या पेडलपासून विमानाच्या इंजिनापर्यंत ते वापरले जातात. रायफलच्या जोडणीत या विषयाला विशेष महत्त्व येते, कारण तिथे स्क्रू लहान असतात आणि धक्के फार मोठे.

जोड कशाने धरतो

आटे एकमेकांत रुतले म्हणून जोड पक्का झाला, असे बोल्ट आवळताना वाटते. खरी पकड असते ती बोल्टाच्या ताणात. बोल्ट ही एक फार कडक स्प्रिंग आहे. ८.८ प्रतीचा (हा बोल्टाच्या ताकदीचा दर्जा) १० मिमी बोल्ट सुमारे ५० न्यूटन-मीटरने आवळला, की तो दोन्ही भाग सुमारे अडीच टनांच्या ओढीने एकमेकांवर दाबून धरतो. पकडीतली लांबी ४० मिमी असेल, तर एवढ्या ओढीने तो लांबतो जेमतेम ०.०९ मिमी, म्हणजे डोक्यावरच्या केसाच्या जाडीइतका. सगळी पकड या केसभर ताणात साठलेली असते. मध्ये रंगाचा थर, गंज किंवा मऊ गॅस्केट राहिले आणि पुढे ते दबले, तर नट जराही न फिरता ताण उतरतो. आखूड बोल्ट लवकर ढिले पडतात तेही याचमुळे. त्यांच्याजवळ गमावण्याइतका ताणच नसतो.

पान्यावर लावलेल्या जोरापैकी ढोबळमानाने निम्मा डोक्याखालच्या घर्षणात जातो, ४० टक्के आट्यांच्या घर्षणात, आणि ताण निर्माण करायला उरतात १० टक्के. आट्यांना तेल लागले की हा हिशेब बदलतो. मग तेवढ्याच जोराने ताण बराच वाढतो आणि बोल्ट पिळून तुटू शकतो. हे ध्यानात घेतल्याशिवाय पुढचा कोणताही उपाय नीट समजत नाही: लॉकिंगमुळे ताण निर्माण होत नाही, असलेला ताण टिकवायला फक्त मदत होते. कमी आवळलेल्या बोल्टावर टाकलेला द्रव ही फसवी खात्री आहे.

नट फिरतो तरी का?

१० मिमी बोल्टाचा नेहमीचा आटा एका फेऱ्यात दीड मिमी पुढे सरकतो, म्हणजे त्याचा चढ जेमतेम ३ अंशांचा. पोलादावर पोलादाचे घर्षण याच्या दुपटीहून जास्त चढावरही नट रोखून धरते. त्यामुळे स्थिर ओझ्याखाली नट आपण होऊन फिरत नाही. मग तो सुटतो कसा, याचा उलगडा जर्मन अभियंता गेरहार्ड युंकर यांनी १९६९ मध्ये केला. बोल्टाच्या लांबीच्या दिशेने बसणाऱ्या धक्क्यांपेक्षा आडव्या दिशेचे हेलकावे कितीतरी घातक असतात, हे त्यांनी यंत्रावर प्रयोग करून दाखवले. जड कपाट जागचे हलत नाही, पण एकदा एका बाजूला सरकू लागले की बोटभर जोराने दुसरीकडे वळवता येते. आट्यांचेही तसेच होते. जोडलेले भाग आडवे घसरले की त्या क्षणापुरते घर्षण त्या घसरण्यातच खर्ची पडते, आणि ताणलेला बोल्ट नटाला उतरणीकडे लोटतो. दर हेलकाव्याला नट किंचित फिरतो. युंकर यांच्या नावाची ही चाचणी आजही प्रमाण मानली जाते.

या चाचणीत सर्वांत वाईट अवस्था झाली ती स्प्रिंग वायसरची. गॅरेजमध्ये, वर्कशॉपमध्ये ज्याच्यावर डोळे मिटून भरवसा टाकला जातो, तो कापलेल्या कड्यासारखा वायसर पूर्ण आवळल्याच्या खूप आधीच सपाट होतो आणि पुढे साध्या वायसरहून वेगळे काही करत नाही. नासाच्या १९९० च्या फास्टनर (नट, बोल्ट, स्क्रू यांच्या) मार्गदर्शिकेत लॉकिंगच्या दृष्टीने तो निरुपयोगीच ठरवला आहे.

पिन, तार आणि पाचर

खाचांचा नट आणि त्यातून आरपार घातलेली स्प्लिट पिन हा जुना, विश्वासाचा उपाय. तो ताण टिकवेलच असे नाही, पण नट गळून पडू देत नाही. चाकाच्या आसावर तेवढेही जीव वाचवते. विमानात बोल्टांच्या डोक्यांना भोके पाडून त्यांतून पीळ दिलेली तार ओवतात. तार अशा बाजूने नेतात की एक बोल्ट सुटायला लागला तर दुसरा आवळला जावा. नायलॉनची कडी असलेला नट स्वस्त आणि चांगला, मात्र सुमारे १२० अंश सेल्सिअसच्या पुढे नायलॉन टिकत नाही. चेक नट लावताना पातळ नट आत आणि जाड नट बाहेर हवा. बहुतेक ठिकाणी उलटे दिसते.

जपानमध्ये कात्सुहिको वाकाबायाशी यांनी पाचरीचे तत्त्व नटात आणले. खालच्या नटाचा उंचवटा किंचित मध्य सोडून असतो, वरचा नट त्यावर बसला की पाचर मारल्यासारखा आटा जखडतो. शिंकान्सेन या तिथल्या वेगवान रेल्वेत हे नट वापरले जातात. रेल्वेला ही काळजी घ्यावीच लागते. १० मे २००२ रोजी इंग्लंडमधल्या पॉटर्स बार इथे सांध्याच्या, म्हणजे गाडी रूळ बदलते त्या जागेच्या, रुळांमधल्या पट्ट्यांचे नट निघालेले होते. गाडी घसरून ७ जण मृत्युमुखी पडले. आपल्याकडे कीमन हा रेल्वे कर्मचारी खांद्यावर हातोडा आणि पाना घेऊन रोज रुळांच्या कडेने चालतो आणि फिशप्लेटचे (दोन रूळ जोडणाऱ्या पट्टीचे) बोल्ट तपासतो. तोही याच शास्त्राचा भाग आहे, आणि त्याच्या कामाची नोंद फार कमी ठिकाणी घेतली जाते.

हवा नसली की घट्ट होणारा द्रव

हार्टफर्डच्या ट्रिनिटी कॉलेजातले रसायनशास्त्राचे प्राध्यापक व्हर्नन क्रीबल यांनी १९५३ मध्ये लॉकटाइट तयार केले. १९५६ मध्ये ते लोकांपुढे आले. असा एक द्रव आधीही होता, पण तो पातळ ठेवायचा तर त्यातून सतत हवेचे बुडबुडे सोडावे लागत. क्रीबल यांनी तो बाटलीत टिकेल असा केला. त्यांची कंपनी १९९७ मध्ये जर्मनीच्या हेंकेलकडे गेली. लॉकटाइट हे आता मराठी गॅरेजमध्येही सामान्यनाम झाले आहे.

या द्रवाचा मुख्य घटक मेथाक्रिलेट. हवेतला ऑक्सिजन त्याची साखळी जुळू देत नाही. आट्यांच्या फटीत हवा संपते, लोखंडाचे किंवा तांब्याचे आयन मदतीला येतात, आणि काही मिनिटांत द्रवाचे कडक प्लास्टिक होऊ लागते. पूर्ण ताकद यायला सुमारे २४ तास लागतात. नवी बाटली हातात घेतली की ती अर्धीच भरलेली दिसते. ही फसवणूक नव्हे. आतली हवा आणि ऑक्सिजन झिरपू देणारे प्लास्टिक हेच द्रवाला बाटलीत जिवंत ठेवतात. स्क्रू आवळल्यावर बाहेर आलेला थेंब दुसऱ्या दिवशीही ओलाच राहतो, कारण त्याला हवा मिळत असते. आतला भाग तोवर दगड झालेला असतो.

निळा द्रव हाताच्या अवजारांनी सुटतो, लाल सोडवायला सुमारे २५० अंशांपर्यंत तापवावे लागते, जांभळा बारीक स्क्रूंसाठी असतो, आणि हिरवा आधीच आवळलेल्या आट्यांत झिरपतो. स्टेनलेस आणि जस्ताचा मुलामा दिलेल्या भागांवर हे द्रव सावकाश घट्ट होतात. पॉलिकार्बोनेटसारख्या प्लास्टिकला मात्र ते तडे पाडतात.

रायफलमध्ये

अमेरिकेच्या संघीय कायद्यानुसार, ज्याला शस्त्र बाळगण्याची मुभा आहे त्याला विक्रीसाठी नव्हे तर स्वतःसाठी रायफल घरी बनवता येते. काही राज्यांनी यावर निर्बंध घातले आहेत. भारतात शस्त्र अधिनियम, १९५९ नुसार बंदूक बनवायला आणि दुरुस्त करायलाही परवाना लागतो. त्यामुळे घरगुती जोडणीची चर्चा मुख्यतः अमेरिकेतली आहे. स्क्रू आवळण्याचा प्रश्न मात्र परवानाधारक कारागिराला आणि नेमबाजालाही पडतोच.

गोळी सुटताच रायफल मागे झटकते, वरची दुर्बीण जडत्वाने जागच्या जागी राहू पाहते. हा धक्का तिच्या स्क्रूंना नेमका आडवा बसतो, म्हणजे युंकर यांनी सांगितलेला तोच घातक प्रकार. दुर्बिणीच्या कड्यांचे स्क्रू साधारण २ न्यूटन-मीटरच्या आसपासच आवळतात. जास्त आवळले तर नळी दबते. इथे आटे अॅसिटोनने पुसून निळ्या द्रवाचा एक थेंब पुरतो, तोही दुर्बीण बनवणाऱ्याने मना केले नसेल तर. लाल टाकणाऱ्यावर पुढे बारीक स्क्रूच्या डोक्याला मिनिटभर तापलेली सोल्डरिंग आयर्न लावून बसायची वेळ येते.

एआर-१५ या रायफलमध्ये कॅरियरवरची, म्हणजे आत मागे-पुढे सरकणाऱ्या भागावरची, गॅस की (वायू आत घेणारा छोटा भाग) दोन स्क्रूंनी बसते. ती सैल झाली तर वायू गळतो, कॅरियर पुरेसा मागे जात नाही आणि पुढचे काडतूस भरले जात नाही. तिथली उष्णता आणि तेल यांपुढे चिकट द्रव टिकत नाही, म्हणून स्क्रू ठरल्या जोराने आवळून कीचा धातू पंचाने त्यांच्या डोक्यांवर दाबतात. दस्त्याच्या नळीवरचा खाचांचा नटही असाच पंचाने रोखतात. गोळी बाहेर पडते त्या नळीच्या तोंडावरच्या भागांत तर साधे द्रव मऊच पडतात. तिथे सिलिकायुक्त, भट्टीसारखी उष्णता सोसणारे द्रव वापरतात, आणि ते सोडवायला भाग पाण्यात भिजत ठेवतात.

सगळे आवळून झाल्यावर स्क्रूच्या डोक्यावरून शेजारच्या धातूवर रंगाची एक बारीक रेघ ओढतात. विमानांच्या बोल्टांवर आणि ट्रकच्या चाकांच्या नटांवरही ती दिसते. रेघ तुटलेली दिसली, म्हणजे स्क्रू फिरला आहे. मग द्रव वरून न टाकता स्क्रू काढून, पुसून, पुन्हा मोजून आवळावा लागतो.