बॅकअपचाच बॉक्स गेला तर: स्नॅपशॉटवरून परत आणायच्या आधी हे वाचा

नमस्कार. आमच्याकडे ज्यांची बॅकअपची एएमसी (वार्षिक देखभालीचा करार) आहे त्या सगळ्यांसाठी हे पत्रक आहे, बुटीबोरी-हिंगण्याच्या कारखान्यांपासून नागपूरच्या इतवारीतल्या पेढ्यांपर्यंत. सर्व्हर बसला तर बॅकअपवरून उभा करायचा हे आता सगळ्यांना माहीत आहे, पण बॅकअप ज्या बॉक्समध्ये (डिस्क भरलेल्या वेगळ्या मशीनमध्ये) ठेवतो त्यातलाच डेटा गेला तर काय? कोणी फोल्डर उडवला, रॅन्समवेअर (फायली कुलूपबंद करून खंडणी मागणारा व्हायरस) आत शिरला, नाहीतर जागा कमी पडून राहिली म्हणून कोणी जुन्या फायली साफ केल्या. अशा वेळी कामी येतो स्टोरेजचा स्नॅपशॉट (ठरावीक क्षणी बॉक्समध्ये काय होतं त्याची गोठवलेली नोंद), आणि तो वाचतो की जातो हे पहिल्या पंधरा-वीस मिनिटांत तुम्ही कोणतं बटण दाबता त्यावर असतं.

आधी एक गोष्ट नीट समजून घ्या, स्नॅपशॉट म्हणजे कॉपी नाही. कळमन्याच्या गोदामात मालाची यादी केली आणि सांगितलं की या यादीतलं एकही पोतं जागचं हलवायचं नाही, नवीन माल आला तर बाजूच्या जागेत लावा, एवढंच ते आहे. म्हणून तो काही सेकंदांत होतो आणि सुरुवातीला जागाही जवळजवळ खात नाही. पण गोदामच जळलं तर नुसत्या यादीचं काय करणार! बॉक्समधल्या डिस्क गेल्या, रेड (अनेक डिस्क एकत्र बांधणारी जोडणी) मोडलं, तर स्नॅपशॉटही त्याच्याबरोबर गेला. त्यामुळे दुसऱ्या जागेवरची कॉपी हवीच, तिला पर्याय नाही.

मागच्या मे महिन्यात हिंगणा एमआयडीसीतल्या एका ग्राहकाकडे झालं ते सांगतो. शनिवारी सकाळी अकराच्या सुमारास त्यांच्या आयटीच्या मुलाने जागा करायची म्हणून शेअरमधून तीन टीबीच्या जुन्या वाटणाऱ्या फुल बॅकअप फायली उडवल्या. त्या जुन्या नव्हत्या, चालू साखळीचा पायाच त्या होत्या (रोजचे छोटे बॅकअप फुल बॅकअपवरच उभे असतात), म्हणून रात्रीचा बॅकअपचा जॉब पडला. रविवारी रात्री साडेनऊला तो लॉगिन करून पाहतो तर मोकळी जागा एक जीबीनेही वाढलेली नाही. त्याला वाटलं स्नॅपशॉट जागा अडवून राहिले, तेच काढून टाकू. डिलीटवर क्लिक केलं, "नक्की का?" असा डबा आला, आणि तिथे तो थांबला आणि आम्हाला फोन केला. फार चांगलं केलं त्याने. जागा वाढली नव्हती हीच तर खरी खूण होती की तीन टीबी अजून आत शाबूत आहे, स्नॅपशॉटने धरून ठेवलेला. पण त्यांच्याकडे स्नॅपशॉट रोज सकाळी सहाला निघायचा आणि दोन दिवसच राहायचा, म्हणजे फायली ज्यात होत्या तो शनिवारचा शेवटचा स्नॅपशॉट सोमवारी सकाळी सहाला आपोआप पुसला जाणार होता. हातात साडेआठ तास. आम्ही आधी त्याच्यावर होल्ड (पुसू न देणारी खूण) लावला आणि मगच पुढचं बोललो.

म्हणून पहिलं काम हेच: जो स्नॅपशॉट चांगला वाटतो त्याची मुदत थांबवा. झेडएफएस या फाइल सिस्टीमवर होल्ड असतो, डेटा डोमेनसारख्या बॅकअपच्या बॉक्सवर रिटेन्शन (ठेवायची मुदत) वाढवता येतं. त्यासोबतच सगळे बॅकअप जॉब आणि रात्रीची क्लीनिंग (नको असलेला डेटा पुसणारं काम) बंद करा. बॉक्सचं घड्याळही बघा, आत शिरलेले लोक कधीकधी तारीख पुढे ढकलतात म्हणजे मुदत संपली असं समजून सिस्टीम स्वतःच स्नॅपशॉट पुसते.

दुसरं, रोलबॅक (डेटा जुन्या स्नॅपशॉटवर मागे नेणं) दाबू नका. प्लीज. हे आम्ही हात जोडून सांगतो. झेडएफएसमध्ये मागच्या एखाद्या स्नॅपशॉटवर रोलबॅक करायचं तर मधले सगळे नवीन स्नॅपशॉट नष्ट करावे लागतात, आणि तुम्ही निवडलेला स्नॅपशॉटच खराब निघाला तर परतीचा रस्ता नाही. त्याऐवजी क्लोन, म्हणजे स्नॅपशॉटवरून वेगळी वापरता येणारी आवृत्ती, काढा. क्लोन बाजूला उभा राहतो, लिहिता येतो, सेकंदांत होतो आणि मूळ जसंच्या तसं राहतं. डेटा डोमेनवर हेच काम फास्टकॉपी करते, तीही खरा डेटा न हलवता फक्त पॉइंटर (डेटा कुठे आहे त्याचा पत्ता) लिहिते. हिंगण्याला आम्ही क्लोनच काढला. तोच डेटा नेटवर्कवरून दुसऱ्या बॉक्सवर ओढायचा म्हटलं तर एक गिगाबिटच्या लाइनवर तीन टीबीला साडेसात तासांच्या वर आणि आठ टीबीला वीस तासांच्या आसपास लागतात, तेव्हा हा फरक लहान नाही.

तिसरं, आणि इथे लोक सगळ्यात जास्त अडकतात, फायली परत आल्या म्हणजे बॅकअप परत आला असं नाही. बॅकअप सॉफ्टवेअरची स्वतःची वही असते, कॅटलॉग म्हणा किंवा डेटाबेस, आणि तिला तुम्ही मागून काय केलं ते ठाऊक नसतं. व्हीम हे बॅकअप सॉफ्टवेअर असेल तर रिपॉझिटरी (बॅकअप ठेवायची जागा) रीस्कॅन करावी लागते, म्हणजे फायली पुन्हा वाचून वहीत नोंदवाव्या लागतात, दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये याला इम्पोर्ट म्हणतात. रीस्कॅन पूर्ण झाल्याशिवाय जॉब सुरू केला तर तो नवीन फुल घ्यायला बसतो आणि उरलीसुरली जागाही भरते. रीस्कॅन झाल्यावर एखादी टॅलीची फाइल किंवा एक छोटी मशीन खरंच रिस्टोअर करून उघडून बघा, नुसतं हिरवं टिक पाहून समाधान मानू नका. बॅकअप एन्क्रिप्टेड असेल तर पासवर्ड लागेल, आणि तो त्याच बंद पडलेल्या सर्व्हरवरच्या नोटपॅडमध्ये सापडतो असं आम्ही एकदा नाही, पुष्कळदा पाहिलं. पासवर्ड कागदावर, तिजोरीत.

स्नॅपशॉट कधी घेतला हेही महत्त्वाचं. बॅकअप लिहिणं चालू असताना घेतला तर त्यात शेवटची फाइल अर्धवट असू शकते. म्हणून वेळ जॉब संपल्यानंतरची ठेवा, आणि मुदत दोन दिवस नको, निदान चौदा दिवस, कारण शनिवार-रविवार आणि दिवाळीसारख्या सुट्ट्यांत कोणी लॉगिनच करत नाही. ज्यांच्या बॉक्सवर इम्म्यूटेबल स्नॅपशॉटची सोय आहे त्यांनी ती चालू करा, मुदत संपेपर्यंत तो ॲडमिनलाही पुसता येत नाही. जागा जास्त लागेल, ते खरं आहे, पण डिस्क विकत मिळते.

रॅन्समवेअर असेल तर घाई अजून कमी करा. तो बाहेर दिसायच्या कितीतरी दिवस आधी आत बसलेला असू शकतो, म्हणून सगळ्यात ताजा स्नॅपशॉट स्वच्छच असेल असं धरू नका, दोन-तीन वेगवेगळ्या तारखांचे क्लोन काढून नेटवर्कपासून तोडलेल्या मशीनवर तपासा. आणि सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या एप्रिल २०२२ च्या निर्देशांप्रमाणे अशी घटना लक्षात आल्यापासून ६ तासांत कळवावी लागते, ते कंपन्यांनाही लागू आहे. त्याचा मजकूर लिहायला आम्ही मदत करू.

फोन करताना चार गोष्टी हाताशी ठेवा: नेमकं कधी आणि कोणी काय केलं (रागावणार नाही, खरं सांगा, त्यावरूनच चांगला स्नॅपशॉट शोधायचा असतो), स्नॅपशॉटच्या यादीचा स्क्रीनचा फोटो, मोकळी जागा किती दिसते, आणि शेवटचा नीट संपलेला जॉब कोणत्या तारखेचा. आमचा माणूस येईपर्यंत बॉक्स बंद करू नका आणि रीस्टार्टही करू नका. हे पत्रक रॅकच्या दाराला आतून चिकटवा, वर तुमच्या ॲडमिनचा आणि त्याच्या गैरहजेरीत कोणाला विचारायचं त्याचा नंबर लिहा. उन्हाळा सुरू व्हायच्या आत, मार्चमध्ये, आम्ही प्रत्येकाकडे येऊन एक क्लोन काढून एक फाइल रिस्टोअर करून दाखवणार आहोत, एएमसीतच, त्याचे वेगळे पैसे नाहीत. तारीख आधी कळवू, त्या दिवशी ॲडमिन ऑफिसात असू द्या.