चासीवर बॉडी चढवणे (जुन्या मोटारींची कोचबांधणी)

चासी एका कारखान्याची आणि तिच्यावरची बॉडी दुसऱ्याची, ही मोटारी बांधण्याची पद्धत मोटारयुगाच्या आरंभापासून दुसऱ्या महायुद्धापर्यंत युरोप-अमेरिकेतल्या उंची गाड्यांत रूढ होती. खालची पोलादी चौकट, तिच्यावरचे इंजिन, गिअर, चाके, स्टिअरिंग आणि पुढचे बोनेट एवढ्यावर चासी पुरी होई. गिऱ्हाईक ती विकत घेऊन बॉडीसाठी कोचबांधणी करणाऱ्याकडे धाडी. लंडनमधील बार्कर (स्थापना १७१०) आणि हूपर (१८०५) या पेढ्या मुळात घोडागाड्या बांधणाऱ्या. रोल्स-रॉईसच्या ‘४०/५०’ प्रकारातली, पुढे ‘सिल्व्हर घोस्ट’ म्हणून गाजलेली १९०७ची गाडी बार्करच्या बॉडीची होती.

घोडागाडीचा अनुभव इथे अर्धाच उपयोगी पडला. बग्गीच्या कारागिराला गाडी अख्खी स्वतः आखता येई. मोटारीत मात्र दुसऱ्याने ठरवलेल्या मापांत घर बांधायचे असे. सुरुवातीच्या बऱ्याच गाड्यांत मागच्या आसनाचे दार थेट पाठीमागे असे. त्याचे कारण हौस नव्हे. पुढच्या आणि मागच्या चाकांमधले अंतर इतके कमी होते की पुढची बैठक आणि मागचे चाक यांच्यामध्ये दाराला जागाच उरत नसे. साखळीने चाक फिरवणाऱ्या गाडीत तर दात्यांचे चक्रही तिथेच आडवे येई. १९०१च्या मर्सिडीजनंतर चासी लांब आणि ठेंगणी होत गेली, तशी दारे बाजूला आली. सिल्व्हर घोस्टची चासी १३५.५ आणि १४३.५ इंच अशा दोन अंतरांत मिळे. हा आठ इंचांचा फरक मागच्या प्रवाशाच्या गुडघ्यांना आणि दाराच्या रुंदीला कळे.

चासीबरोबर तिचा मापांचा नकाशा येई. पुढच्या फळीपासून मागच्या आसापर्यंतचे अंतर, चौकटीची रुंदी, स्टिअरिंगच्या दांड्याचा कल, पेडलची जागा, पेट्रोलच्या टाकीचे तोंड ही मापे त्यात असत. त्यावरून कोचबांधणीच्या कारखान्यात बॉडीचे पूर्ण आकाराचे रेखाटन केले जाई आणि त्यावरून सुताराच्या फर्म्या (लाकूड कापायचे नमुने) निघत. सांगाडा बहुधा ॲशच्या लाकडाचा, कारण ते चिवट असून वाकवता येते आणि स्क्रू घट्ट धरते. त्यावर ॲल्युमिनियमचा किंवा पोलादी पत्रा, हाताने ठोकून व चाकांच्या यंत्रात दाबून गोलाई दिलेला.

चासी घोड्यांवर, म्हणजे टेकूंवर, समपातळीत ठेवायची, मध्यरेषा आखायची, ओळंबा सोडून दोन्ही बाजू पडताळायच्या. एवढे करूनही काम संपत नसे, कारण चासी स्थिर वस्तूच नव्हे. प्रवासी बसले की स्प्रिंगचे पाटे दबतात आणि आस वर येतो. त्यामुळे मडगार्ड आणि चाक यांच्यातली मोकळीक रिकाम्या गाडीवर मोजून भागत नाही. शिवाय एक चाक खड्ड्यात गेले की रिबिटांची ती पोलादी चौकट पिळली जाते. वर घट्ट बसवलेली बॉडीही तिच्याबरोबर पिळते, दाराचा चौकोन तिरका होतो, आणि दार एकतर अडकते नाहीतर धावत्या गाडीत उघडते. अचूक बसवणे म्हणजे घट्ट आवळणे, ही नवख्याची समजूत इथे फसते.

म्हणून बॉडी आणि चौकट यांच्यामध्ये लाकूड, नमदा, चामडे किंवा रबर यांचे पॅकिंग घालत. चौकटीच्या वरच्या-खालच्या पट्टीला भोके पाडणे धोक्याचे. वाकवणारा ताण तिथेच सर्वाधिक असतो आणि भोकापासून तडा जातो. बोल्ट शक्यतो बाहेर काढलेल्या आधारांवरच घेत. जुन्या गाड्या पुन्हा उभ्या करणारे आजही पहिल्यांदा दाराची फट पाहतात. ती वर अरुंद आणि खाली रुंद असेल तर बॉडी मधोमध खचलेली असते. अशा वेळी दार तासायचे नाही. मधल्या बोल्टाखाली पातळ पट्टी वाढवायची.

या पिळाशी भांडण्याऐवजी त्याला वाट करून देण्याची युक्ती शार्ल वेमान या वैमानिकाची. १९२०च्या दशकात त्याने सांगाड्याची लाकडे एकमेकांना भिडू न देता लोखंडी पट्ट्यांनी जोडली, मध्ये बारीक फट ठेवली आणि वर पत्र्याऐवजी कापड ताणले. गाडी हलकी झाली, करकर थांबली. कापडाला पत्र्याची चकाकी नव्हती, ते टिकतही कमी. १९३०नंतर ही फॅशन ओसरली.

मोठा घाव मात्र दुसरीकडून बसला. अमेरिकेत बड कंपनीच्या पोलादी बॉड्या मोठ्या संख्येने निघू लागल्या. इटलीत १९२२च्या लॅन्शिया लॅम्डाने चौकट आणि बॉडी एकच केली. रोल्स-रॉईसने १९४६च्या आपल्या बेंटली मार्क सहा या गाडीपासून स्वतःच तयार बॉडी द्यायला सुरुवात केली. त्यानंतर कोचबांधणीच्या पेढ्या एकेक करून विकल्या गेल्या किंवा बंद पडल्या.

मोटारींतून ही पद्धत गेली, तरी मालट्रक आणि बसमध्ये ती टिकली. महाराष्ट्रात दापोडी, चिकलठाणा आणि हिंगणा इथल्या कार्यशाळांत एसटीच्या बॉड्या चासीवर चढवल्या गेल्या आहेत. केबिनशिवायची उघडी चासी चालवत, तोंडाला रुमाल बांधून निघालेला ड्रायव्हर महामार्गावर अनेकांनी पाहिला असेल. ट्रकची बॉडी बांधणारेही चौकटीवर आधी लाकडाचे नाहीतर रबराचे पॅकिंग घालतात आणि मग यू-बोल्ट आवळतात.