घोडा कधी फेरायचा, किती फेरायचा
शिकवणीला घोडा ठेवणाऱ्या आणि रपेटीला येणाऱ्या ग्राहकांसाठी माहितीपत्रक

"फी बाराही महिने सारखीच, मग जुलैत घोडा तबेल्यातच का?" हा प्रश्न दर पावसाळ्यात येतो. मे महिन्यात विचारणा होते ती दुपारच्या बॅचची. दोन्हींचं उत्तर एकच आहे. आम्ही महिना बघून घोडा फेरत नाही, जमीन आणि हवा बघून फेरतो. आपल्याकडे या दोन्ही गोष्टी वर्षभरात इतक्या पालटतात, की जानेवारीत जी मेहनत घोड्याला मानवते तीच मे महिन्यात त्याला आडवा करू शकते.

उन्हाळा

मे महिन्यात आपल्याकडे पारा 45 च्या पुढे जातो आणि रात्रीही हवा तापलेलीच राहते. सर्वांत गार वेळ पहाटेची, म्हणून उन्हाळ्यात आमचं काम उजाडायच्या आधी सुरू होतं आणि ऊन चढायच्या आत संपतं. संध्याकाळी हवा निवली तरी डांबरी रस्ता आणि मुरूम बराच वेळ धगधगतात. त्यामुळे सांजेला फक्त चाल, दुडकी (हलकी धाव) नाही.

दुपारच्या बॅचला आम्ही नाही म्हणतो, त्यामागे कायदाही आहे. ओझ्याच्या आणि गाडीच्या जनावरांसाठी 1965 साली केंद्र सरकारने नियम केले. पारा 37 अंशांच्या वर असेल तिथे दुपारी 12 ते 3 या वेळात जनावराला गाडी ओढायला किंवा ओझं वाहायला लावता येत नाही. आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये 37 ही सकाळी दहा-अकराचीच गोष्ट असते.

कोरड्या उन्हात घोड्याचा घाम दिसत नाही, कारण तो येतो तसाच उडून जातो. अंग कोरडं दिसतं आणि मालकाला वाटतं, घोडा दमलाच नाही. खोगीर उतरवा आणि तंगाखाली (खोगीर आवळायच्या पट्ट्याखाली), कानामागे बघा. तिथे मिठाचे पांढरे पट्टे दिसतील. घोड्याचा घाम माणसापेक्षा खारट असतो, म्हणून उन्हाळ्यात नुसत्या पाण्याने भागत नाही, रोजच्या दाण्यात साधं मीठही घालावं लागतं. उभ्या घोड्याला साधारण मूठभर पुरतं, काम असेल तर त्याहून थोडं जास्त. पाणी मात्र दिवसभर समोर हवं. गार दिवसात 25-30 लिटरवर भागणारा घोडा कामाच्या दिवशी मे महिन्यात 60 लिटरही पितो.

"घोळं तापलं हाय, पानी नोको पाजू," हे गावोगाव ऐकू येतं. आमचं म्हणणं उलट आहे. तापलेल्या घोड्याला थोडं थोडं, पण लगेच पाजा. अंगावर गार पाणी ओता, मानेवर, छातीवर, मागच्या मांड्यांवर, आणि श्वास खाली येईपर्यंत ओतत राहा. गार पाण्याने नसा आखडतात ही भीती खरी नाही. 1996 च्या अटलांटा ऑलिंपिकच्या उकाड्यात घोडे गार पाण्यानेच निववले गेले. ओली पोती मात्र अंगावर टाकून ठेवू नका, खालची वाफ कोंडते.

घोडा जास्त तापल्याची घरी बघता येण्यासारखी खूण म्हणजे श्वास आणि नाडी. निवांत उभा घोडा मिनिटाला 8 ते 16 श्वास घेतो आणि त्याची नाडी 28 ते 44 असते. नाडी जबड्याच्या खालच्या कडेला बोटाने लागते. काम थांबवून पंधरा मिनिटं झाली तरी नाडी साठीच्या खाली येत नसेल, किंवा श्वास नाडीपेक्षा जास्त होत असतील, तर त्या दिवसाची मेहनत तिथेच बंद करून डॉक्टरांना बोलवा.

थंड भागातून आणलेला घोडा इथल्या उन्हाला सरावायला दोन-तीन आठवडे घेतो. तेवढे दिवस त्याच्याकडून अर्ध्याहून जास्त काम घेत नाही, मालक कितीही घाईत असला तरी.

पावसाळा

काळ्या जमिनीची कथा शेतकऱ्याला सांगायला नको. वाफसा नसताना आपण त्यात तिफन घालत नाही, मग घोडा का घालायचा? चिकण चिखल खुराला धरून ठेवतो. घोडा जोर लावून पाय ओढतो आणि नाल उपटून येते, कधी तिच्यासोबत खुराचा टवकाही. त्याहून वाईट म्हणजे पुढच्या पायामागची शीर ताणली जाते. मग महिनोन्महिने विश्रांती, आणि घोडा पुन्हा पहिल्यासारखा पळेलच असंही नाही. म्हणून आमचा नियम साधा आहे. टाचेने दाबल्यावर खड्ड्यात पाणी झिरपलं की त्या दिवशी मैदान बंद, फक्त मुरमाच्या वाटेवर चाल.

याचा अर्थ शिकवणी बंद असा नाही. वरातीच्या घोडीचं खरं शिक्षण पावसाळ्यातच होतं. शेडखाली ताशा वाजतो, आधी लांबून, मग जवळून. डोक्यावर छत्री उघडते, दिवे उघडझाप करतात, मागे सरणं, एका जागी उभं राहणं, लगामाच्या हलक्या खुणेवर वळणं. डीजेसमोर तासभर शांत उभी राहणारी घोडी अशीच तयार होते, आणि त्यासाठी पळायला मैदान लागत नाही.

काम कमी झालं की दाणाही कमी करतो. हरभरा-जव तेवढाच चालू ठेवून घोडा आठवडाभर उभा ठेवला आणि झड उघडल्यावर एकदम पळवला, तर त्याचे मागचे स्नायू दगडासारखे होतात आणि लघवी काळपट-तपकिरी येते. असं दिसलं तर त्याला एक पाऊलही चालवू नका. डॉक्टर येईपर्यंत जागेवरच उभा ठेवा.

खुरं रोज साफ करा. तळाच्या मधल्या मऊ भागातून काळा, घाण वासाचा द्रव यायला लागला की समजा, जागा ओली राहते आहे. दाराशी मुरूम टाकून घ्या. भिजलेलं कुटार (मळणीनंतरचा भुसा), बुरशीचा कडबा फेकून द्या, गुरं खातात म्हणून घोड्याला नको. हिरवी ज्वारीही नको, तिने घोड्याच्या लघवीच्या पिशवीचा आजार होतो. गोमाश्या वाढल्या की सर्रा रोगाचा धोका असतो. ताप येऊन-जाऊन राहतो, खाणं असूनही घोडा झडतो, पोटाखाली आणि पायांवर सूज येते. हे दिसताच रक्त तपासून घ्या.

हिवाळा

दसऱ्यानंतर जमीन धरते आणि जोराच्या मेहनतीचे हेच चार महिने. सकाळी पारा दहाच्या आसपास असतो, तेव्हा आधी पंधरा मिनिटं नुसती चाल आणि मग दुडकी. गार पाणी घोडा कमी पितो आणि कोरड्या कडब्यावर पोट बांधतं, म्हणून पाणी कोमट करून द्या.

सोयाबीन निघालेलं वावर पळायला चांगलं. पऱ्हाटी (कपाशी) किंवा तूर कापलेल्या वावरात मात्र कधीच नाही, तिरप्या कापाची धसकटं खुरात खिळ्यासारखी घुसतात. धनुर्वाताची लस दरवर्षी झालेली हवी. उन्हाळ्याच्या तोंडी काळी जमीन भेगाळते, तेव्हाही वावर वर्ज्य. पाय भेगेत गेला तर हाड मोडतं.

लग्नसराईबद्दल एक गोष्ट स्पष्ट सांगतो. पावणेचारशे किलोच्या घोडीवर खोगीर, शेरवानी आणि साज धरून 75 किलोच्या वर वजन आम्ही चढू देत नाही. नवरदेवासोबत करवलाही बसवायचा असेल तर आधी बोला.

घोडा आणताना शेवटच्या नालबंदीची तारीख, लसीची नोंद आणि आठवडाभराचा त्याचा नेहमीचा दाणा सोबत आणा. खाणं आम्ही हळूहळूच बदलतो. नवा घोडा पहिले काही दिवस वेगळा बांधला जातो, ग्लँडर्सची (घोड्यांच्या एका संसर्गजन्य रोगाची) तपासणी झालेली असली तरीही.