व्वा व्हेर्त आणि व्हेलोरूत: रस्ता वेगळा, मार्ग वेगळा

उन्हाळ्याची तिकिटं काढायची वेळ आली की कुणाचा तरी मेसेज येतोच. "फ्रान्समध्ये ल्वार नदीच्या काठाने ९०० किलोमीटरचा सायकल ट्रॅक आहे म्हणे. गाड्या अजिबात नाहीत. मुलांना घेऊन येऊ का?" तू ल्योंला राहतोस म्हणजे तुला ठाऊक असणारच, हेही वर असतं. नदी आहे, ९०० किलोमीटर आहेत, सायकली तर ढिगाने आहेत. फक्त तो 'ट्रॅक' नाही, आणि 'अजिबात' हा शब्द तर साफ चुकीचा आहे. दर वर्षी हेच उत्तर टाइप करून कंटाळलो, म्हणून एकदाच सविस्तर लिहितोय.

नदीकाठचे शातो (जुने किल्ले-महाल), द्राक्षमळे, सकाळची बेकरी यांचे व्हिडिओ बघूनच तुमचा बेत ठरला असणार, तेव्हा त्यात वेळ घालवत नाही. घोळ आहे तो दोन फ्रेंच शब्दांचा. एक 'व्वा व्हेर्त', शब्दशः हिरवी वाट. दुसरा 'व्हेलोरूत'. इंग्रजी माहितीपत्रकं दोन्हींना सरसकट 'ट्रेल' म्हणून मोकळी होतात आणि तिथेच माती होते.

मराठीत खरं तर हा गोंधळ व्हायलाच नको, कारण आपल्याकडे 'रस्ता' आणि 'मार्ग' असे दोन शब्द आहेत. चाकाखाली असतो तो रस्ता. कुठून निघून कशाकशातून कुठे पोचायचं, तो मार्ग. आळंदी ते पंढरपूर पालखी मार्ग आहे. तो दिवे घाट चढतो, गावांतून जातो, हायवेवरूनही जातो. पालखी मार्गाची पाटी आहे म्हणून एरवी तिथले ट्रक बंद नसतात, आणि कुणी तशी अपेक्षाही करत नाही. व्हेलोरूत नेमकी तशी असते: सायकलवाल्यांसाठी आखलेला, पाट्या लावलेला, लांब पल्ल्याचा मार्ग. त्यात काही तुकडे व्वा व्हेर्तचे, काही गावातल्या गल्ल्यांचे, काही कमी वर्दळीच्या साध्या डांबरी रस्त्यांचे. व्वा व्हेर्त हा मात्र रस्त्याचाच प्रकार आहे. २००४ पासून फ्रान्सच्या वाहतूक नियमांत त्याची व्याख्या आहे: इंजिन नसलेली वाहनं, पायी चालणारे आणि घोडेस्वार यांच्यासाठी राखलेली वाट. देखभालीची गाडी किंवा परवानगी असलेला एखादा कडेचा शेतकरी हे अपवाद.

म्हणजे 'व्वा व्हेर्त की व्हेलोरूत?' हा प्रश्नच 'डांबर की वारी?' असा आहे. एकच जागा एकाच वेळी दोन्ही असू शकते. ल्वार आ व्हेलो, म्हणजे मेसेजमधला तो ९०० किलोमीटरचा 'ट्रॅक', ही नव्हेरजवळच्या क्युफीपासून अटलांटिकवरच्या सँ-ब्रव्हँपर्यंत जाणारी व्हेलोरूत. तिचा बराच मोठा भाग अटलांटिक ते काळा समुद्र अशा युरोव्हेलो ६ या त्याहून लांब मार्गातही मोडतो. एकाच खांबावर दोन्हींच्या पाट्या असतात, आणि खाली असतो साधा गावरस्ता, ज्यावरून पाववाल्याची व्हॅन चाललेली असते.

फरक ओळखायचा तर पाट्या बघा. हिरव्या अक्षरांची पांढरी पाटी, त्यावर सायकलचं चित्र आणि पुढच्या गावाचं अंतर, ही मार्गाची. युरोव्हेलोची निळी, पिवळ्या ताऱ्यांच्या रिंगणात आकडा असलेली. या दोन्ही पाट्या फक्त 'इकडून जा' एवढंच सांगतात. गाड्यांबद्दल त्यांना काही म्हणायचं नसतं. व्वा व्हेर्तची पाटी चौकोनी निळी, तिच्यावर पांढऱ्या रंगात सायकल आणि माणूस, कधी घोडाही. तिच्याच चित्रावर तिरकी लाल रेघ दिसली की वाट संपली, पुढे गाड्या. पोराला शिकवायचीच असेल तर ही एक रेघ शिकवा.

मी हे शिकलो ते वहिनी आणि नऊ वर्षांच्या पुतण्याबरोबर. एका सहल कंपनीच्या पत्रकात 'पूर्ण वाहनमुक्त' असं लिहिलेलं वाचून ती दोघं आली होती. व्हिलाँद्रीपासून ब्रेएमाँकडे निघालो. तिथे मार्ग नदीच्या पूरबांधावरून जातो. डावीकडे खाली परसबागा आणि घरांची छपरं, उजवीकडे नदी आणि तिच्यातली वाळूची बेटं. बघत राहावं असं. पुतण्या दोन्ही हात सोडून मधोमध चालवत होता, कारण आईने वाचलेलं त्याला माहीत होतं: इथे गाड्या नसतात. समोरून ट्रॉलीवाला ट्रॅक्टर आला. ट्रॅक्टरवाल्याने वेग आधीच कमी केला होता, काही झालं नाही. पण वहिनी उरलेला दिवस माझ्याशी फक्त 'हं' आणि 'बघू' एवढंच बोलल्या. बांधावरचा तो रस्ता चांगला नव्हता असं नाही. आम्ही त्याला भलतंच समजून त्यावर चढलो होतो.

नकाशावरही हीच फसगत होते. मार्ग बहुधा सगळा एकाच रंगाने रंगवलेला असतो आणि फोनवर वाट दाखवणाऱ्या, डाउनलोड केलेल्या जीपीएक्स फाइलमध्ये तर नुसती रेघ. तिच्याखाली काय आहे ते फाइल सांगत नाही. प्रत्येक टप्पा झूम करून रेघेखालचा रस्ता कोणता ते बघायचं. कंटाळवाणं काम आहे, पण संध्याकाळी घरी बसून करता येतं.

बाकीचे गोंधळ किरकोळ. 'पीस्त सिक्लाब्ल' म्हणजे फक्त सायकलींची पट्टी, तिथे पायी चालणाऱ्यांनी जायचं नसतं. व्वा व्हेर्तवर मात्र चालणारे, बाबागाड्या, कुत्री सगळे हक्काने असतात, तेव्हा शर्यतीच्या जोशात मागून घंटी बडवणाऱ्यांनी कृपया दुसरीकडे जावं. पॅडल मारल्यावरच मदत करणारी, ताशी २५ किलोमीटरला मोटर बंद होणारी ई-बाइक सायकलच धरतात. व्वा व्हेर्त म्हणजे गुळगुळीत डांबर असंही नाही, कित्येक ठिकाणी दाबून बसवलेली बारीक खडी असते, अगदी बारीक टायर आणू नका. आणि 'ल्वार' नावाच्या नद्या दोन आहेत! स्पेलिंगमध्ये शेवटी 'ई' नसलेली छोटी ल्वार वेगळी, ती अँजेच्या वर सार्थ नदीला मिळते. देवनागरीत दोन्ही सारख्याच, तेव्हा हॉटेल बुक करताना रोमन अक्षरं तपासा.

निखळ व्वा व्हेर्तच हवी असेल तर मी ल्वारला पाठवतच नाही, फ्रान्सच्याच बरगंडी भागात पाठवतो. झिव्री ते क्लुनी, सुमारे ४४ किलोमीटर, १९९७ साली सुरू झालेली, देशातली पहिली व्वा व्हेर्त. जुन्या रेल्वेलाइनचे रूळ काढून त्या जागी केलेली. आगगाडीला मोठा चढ झेपत नाही, म्हणून लाइन टाकणाऱ्यांनी चढ टाळत टाळत ती नेली, आणि त्याचं पुण्य आज आठ वर्षांच्या पोरांच्या पायांना मिळतं. पुढे ग्रोन नदीचं खोरं लागतं. गायी, कुंपणाची झाडं, कोर्मातँचा शातो, तेझेची टेकडी, मग क्लुनी. जिथे आडवा रस्ता येतो तिथे थांबायचं, एरवी मूल शंभर मीटर पुढे गेलं तरी हाका मारायच्या नाहीत. आईबापांना सायकल सहलीत याहून जास्त काय हवं असतं?

पण तुमच्याबरोबर मुलं नसतील, तर व्वा व्हेर्तचा हट्ट धरू नका असं मी स्पष्ट सांगेन. रेल्वेलाइन गावाच्या कडेने जाते, घरांच्या पाठी दाखवते. चाळीस किलोमीटरनंतर ती सरळ रेघ मला तरी कंटाळा आणते. ल्वारचा मार्ग गावाच्या पोटात शिरतो. मोंसोरो ते सोम्यूरमध्ये तो पांढऱ्या तुफो दगडाच्या कड्यांपाशी येतो आणि सूझेला चक्क कड्यात कोरलेल्या जुन्या गल्लीतून जातो, डोक्यावर दगड, बाजूला एके काळच्या दुकानांची दारं. असले तुकडे 'वाहनमुक्त'ची चाळणी लावली की यादीतून गळू शकतात. फ्रान्समध्ये गावाबाहेर सायकलला ओलांडताना गाडीने दीड मीटर अंतर सोडायचं असतं, आणि या छोट्या रस्त्यांवर माझा अनुभव आहे की ते सोडतात.

पुतण्याला पुढच्या वर्षी क्लुनीला नेलं. क्लुनीच्या पुढे माकोंकडे जाताना ब्वा क्लेरचा रेल्वे बोगदा लागतो, सुमारे १,६०० मीटरचा, आत दिवे आणि भर जुलैत कुडकुडायला लावणारा गारवा. हिवाळ्यात तो वटवाघळांच्या झोपेसाठी बंद ठेवतात. हे कळल्यापासून पोराने किल्ल्यांचं नाव काढलेलं नाही. वहिनींनी मात्र बोगद्याच्या तोंडाशी सायकल उभी केली, निळी पाटी बोटाने दाखवून खात्री करून घेतली, आणि मगच आत शिरल्या.