हाडाला वाट हवी, भर नको

‘हाडात सिमेंट भरलं’ असं आपल्याकडे सर्रास म्हणतात. ऐकणाऱ्याला वाटतं, खड्डा बुजवला, काम संपलं. पण हाडातली गाठ खरवडून काढल्यावर उरलेल्या पोकळीत सच्छिद्र सिरॅमिकचा तुकडा बसवला असेल, तर काम तिथून सुरू होतं. हाडाने आत शिरावं म्हणूनच तो ठेवलेला असतो.

हा तुकडा बहुतेक वेळा हायड्रॉक्सीअपेटाइटचा, म्हणजे आपल्या हाडातल्या खनिजाच्या जवळच्याच कॅल्शियम फॉस्फेटचा असतो. पण खरी गंमत त्याच्या भोकांत आहे. आधी त्यांत रक्त भरतं आणि गोठतं. त्या गुठळीतून केशवाहिन्या आत सरकतात, आणि त्यांच्यामागून हाड घडवणाऱ्या पेशी. रक्तवाहिनीपासून शंभर-दोनशे मायक्रॉनपेक्षा (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) लांब पेशीला पुरेसा ऑक्सिजन पोचत नाही. म्हणून आधी वाहिनी, मगच हाड. त्यासाठी भोकं साधारण शंभर मायक्रॉनच्या वर लागतात, तीनशेच्या पुढे असली तर उत्तम. त्याहून महत्त्वाची आहे एका भोकातून दुसऱ्यात जाणारी खिडकी. भोक पाचशे मायक्रॉनचं आणि खिडकी दहाची, तर वाहिनी दारातच अडते. ‘सत्तर टक्के सच्छिद्र’ अशी जाहिरात वाचली की मी आधी खिडक्यांचं विचारतो.

भिंतीवर काय घडतं? पृष्ठभागावरचे कॅल्शियम आणि फॉस्फेट आयन किंचित विरघळतात आणि कार्बोनेटयुक्त अपेटाइट होऊन पुन्हा जमतात. त्यावर फायब्रोनेक्टिनसारखी प्रथिनं चिकटतात, पेशी आपल्या इंटेग्रिनने, म्हणजे पृष्ठभागावरच्या पकड घेणाऱ्या प्रथिनांनी, ती पकडतात, कोलॅजेन विणतात, त्यात खनिज बसतं. सुरुवातीचं हाड अस्ताव्यस्त विणीचं. पुढे ते खोडून थराथराचं नवं घडतं. तुकडा मात्र हलता कामा नये. शे-दीडशे मायक्रॉनच्या वर हलला, की हाडाऐवजी तंतुमय ऊतक तयार होतं.

अशी सलग खिडक्यांची रचना समुद्रात तयार मिळते. 1974 मध्ये अमेरिकेत डेला रॉय आणि लिनेहान या संशोधकांनी प्रवाळाचा सांगाडा अमोनियम फॉस्फेटच्या द्रावणात, उच्च तापमानाला आणि प्रचंड दाबाखाली ठेवला. कॅल्शियम कार्बोनेटचं हायड्रॉक्सीअपेटाइट झालं, भोकं होती तशीच राहिली. वापरलेला फॉस्फेट म्हणजे शेतकऱ्याच्या ओळखीचं डीएपीच! मंगळासाठी बोटात पोवळं घालणाऱ्यांनी यातून पुरावा शोधू नये. अंगठीतलं पोवळं वेगळ्या जातीचं, आणि ते कातडीच्या बाहेर बसलेलं असतं.

सिरॅमिक ठिसूळ असतं, त्यामुळे हाड भरेपर्यंत भार प्लेट आणि स्क्रूंनी पेलायचा. बीटा ट्रायकॅल्शियम फॉस्फेट हे अशाच कामाचं दुसरं सिरॅमिक त्यामानाने लवकर विरघळतं. हायड्रॉक्सीअपेटाइट वर्षानुवर्षं टिकतं, हाडात गुंफलेलं. पुढे कधी एक्स-रेत तिथे पांढरा डाग दिसला, तर नव्या डॉक्टरला जुन्या शस्त्रक्रियेचे कागद दाखवा.